लिव्हरच्या गाठीनंतरचा फॉलो-अप स्कॅन: मुंबईत पैसे नक्की कशाला मोजायचे

लिव्हरमधली कर्करोगाची गाठ सुईने जाळली, कापून काढली किंवा तिच्या रक्तवाहिनीत औषध सोडून तिची रसद तोडली, की महिन्याभराने हातात चिठ्ठी पडते: स्कॅन करून या. परळ-दादरपासून ठाणे-वाशीपर्यंत सीटी-एमआरआयची केंद्रं भरपूर आहेत. दरपत्रकावर सगळ्यांचा स्कॅन सारखाच दिसतो, पण तो सारखा नसतो. त्यात आता ‘गाठ परत येणार का ते एआय सांगेल का?’ हा प्रश्न नातेवाईकही विचारू लागलेत. म्हणून हे परीक्षण एखाद्या केंद्राचं नाही, या सेवेचं आहे. आमचं मत आधीच सांगून टाकतो. अंदाजाचं बारा आणे काम स्कॅन कसा काढला यात असतं आणि उरलेले चार आणे तो कोण वाचतो यात. सॉफ्टवेअरचा नंबर त्यानंतर लागतो.

लिव्हरमध्येच सुरू झालेल्या कर्करोगात, म्हणजे एचसीसीत, शस्त्रक्रिया उत्तम होऊनही ५ वर्षांत निम्म्याहून जास्त रुग्णांमध्ये गाठ पुन्हा दिसते. ७० टक्क्यांपर्यंतचे आकडे पाठ्यपुस्तकांत आहेत. यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत. पहिल्या २ वर्षांत येते ती बहुतेक जुन्याच गाठीची पिल्लं: बारीक शिरांमधून आधीच निसटलेल्या पेशी. २ वर्षांनंतरची गाठ बऱ्याचदा नवी असते, कारण सिरॉसिसने, म्हणजे लिव्हरवर व्रण पडून ते कडक झाल्याने, खराब झालेली जमीन तशीच आहे. पहिल्या प्रकाराचा माग जुन्या गाठीच्या चित्रात सापडू शकतो. दुसऱ्याचा तिथे शोधून उपयोग नाही, त्यासाठी उरलेलं लिव्हर बघावं लागतं. ‘रिकरन्सचा (गाठ परतण्याचा) अंदाज’ असं मोघम कोणी म्हणालं तर यातला कुठला, हे आधी विचारा.

चिठ्ठीवरचे दोन शब्द

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते चिठ्ठीमुळे. वर नुसतं ‘सीटी ऍब्डॉमेन विथ कॉन्ट्रास्ट’ असलं, तर बऱ्याच ठिकाणी डाय (शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्टचं औषध) दिल्यावर साधारण ७० सेकंदांनी एकदाच फेरी मारतात. पोटदुखीसाठी ते पुरतं. एचसीसीच्या फॉलो-अपसाठी तो स्कॅन जवळपास आंधळा.

लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं. सुमारे तीन चतुर्थांश पोर्टल व्हेनमधून (आतड्यांकडून लिव्हरला येणारी मोठी शीर), बाकीचं धमनीतून. निरोगी लिव्हर मुख्यतः पहिल्या वाटेवर जगतं, एचसीसीची गाठ धमनीवर. म्हणून डाय धमनीत असताना गाठ भोवतालापेक्षा उजळ दिसते आणि नंतर लिव्हर उजळलं की ती काळी पडते. ‘वॉशआउट’ म्हणतात तो हाच. एकाच फेरीत हा खेळ दिसत नाही. चिठ्ठीवर ‘मल्टीफेज लिव्हर’ किंवा ‘ट्रिपल फेज लिव्हर’ असं स्पष्ट हवं, आणि उपचार झालेल्या रुग्णासाठी डायच्या आधीची साधी फेरीसुद्धा. ती वाचवू नये. जळलेल्या भागात गोठलेलं रक्त असतं, टेसनंतर (म्हणजे गाठीच्या रक्तवाहिनीत औषध सोडून तिची रसद तोडल्यावर) लिपिओडॉल हे तेलकट द्रव्य असतं. दोन्ही डायशिवायही पांढरंच दिसतं. आधीची फेरी नसेल तर हा पांढरेपणा डायचा की मूळचा, हे कोणीच सांगू शकत नाही.

म्हणजे फेऱ्या चार: साधी, धमनीची उशिराची (साधारण ३५ सेकंद), पोर्टल (६० ते ८०) आणि शेवटची २ ते ५ मिनिटांच्या दरम्यान. धमनीची वेळ घड्याळ लावून ठरवणाऱ्या केंद्रापेक्षा महाधमनीत डाय पोहोचल्याचं मशीनवर बघून फेरी सुरू करणारं केंद्र बरं. ज्याचं हृदय अशक्त, त्याच्या ३५व्या सेकंदाला डाय अजून वाटेतच असतो. डायचं प्रमाण किलोमागे दीड ते दोन मिली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९० ते १२० मिली, सेकंदाला ३ ते ५ मिलीच्या वेगाने. त्याला कोपराच्या वळणातली चांगली शीर आणि १८ किंवा २० नंबरची सुई लागते. केमोने शिरा गेलेल्या रुग्णाला मनगटावर २४ नंबरची बारीक सुई लावली, तर हा वेग मिळणारच नाही. ‘शीर मिळत नाहीये, इथेच लावतो’ असं टेक्निशियन म्हणाला, तर तेवढ्यापुरतं सोयीचं वाटतं. पण त्यामुळे धमनीची फेरी फिकी येते, आणि रिपोर्टमध्ये ते लिहून येईलच असं नाही.

एक चित्र स्वतः बघा

सीडी घरी आणली की डॉक्टर नसतानाही एक गोष्ट तपासता येते. सीडीवरचा व्ह्यूअर उघडा, धमनीची मालिका लावा आणि लिव्हरच्या मध्यावर थांबा. कण्यासमोरचं गोल पांढरंशुभ्र नाणं म्हणजे महाधमनी. पोर्टल व्हेन लिव्हरमध्ये शिरते तिथे ती किंचित उजळ हवी, पूर्ण पांढरी नको. आणि लिव्हरच्या वरच्या भागात, डायफ्रामखाली, तीन शिरा पक्ष्याच्या पायासारख्या एकत्र येतात, त्या हेपॅटिक व्हेन्स काळ्याच राहिलेल्या असाव्यात. तिन्ही गोष्टी जुळल्या तर फेरी वेळेवर निघालीय. पोर्टल पूर्ण काळी असेल तर घाई झाली: धमनी दिसतेय, पण गाठीत डाय भरायचाय. हेपॅटिक व्हेन्सही पांढऱ्या असतील तर उशीर झाला, आणि १ सेंमीची परतलेली गाठ भोवतालात मिसळून गेली असेल.

असा चुकलेला स्कॅन घेऊन ‘गाठ नाही’ असा रिपोर्ट आला, तर त्याचा अर्थ ‘दिसली नाही’ एवढाच. चांगलं केंद्र अशा वेळी ‘आर्टीरियल फेज सबऑप्टिमल’ (धमनीची फेरी नीट आलेली नाही) असं स्वतःहून लिहितं. हे वाक्य वाचून चिडू नका. ते लिहिणारा माणूस प्रामाणिक आहे.

सीटी की एमआरआय

गाठ कशाने मारली त्यावर हे ठरतं. टेस केली असेल आणि लिपिओडॉल भरलं असेल, तर सीटीवर ते चुन्यासारखं चमकतं आणि कडेला उरलेली जिवंत पेशींची पट्टी त्या चकाकीत बुडते. एमआरआयला लिपिओडॉलचा असा त्रास नाही, म्हणून तिथे एमआरआय. ऍब्लेशननंतर, म्हणजे गाठ सुईने जाळल्यावर, दोन्ही चालतात. फक्त एमआरआयमध्ये जळलेला भाग टी-वन प्रकारच्या चित्रात मुळातच उजळ असतो, तेव्हा डायनंतरच्या चित्रातून आधीचं चित्र वजा करून बघावं लागतं. त्याला सबट्रॅक्शन म्हणतात. बुकिंग करताना ‘लिव्हरच्या डायनॅमिकमध्ये सबट्रॅक्शन देता का?’ एवढं फोनवर विचारा. समोरच्याला प्रश्न कळला का, यावरून अर्धी परीक्षा होते. आणि वजाबाकी जमायची तर दोन्ही वेळी श्वास एकाच जागी रोखलेला असायला हवा. नाहीतर कडेला खोटी पांढरी चंद्रकोर उमटते आणि घरात विनाकारण सुतक येतं.

लिव्हरचा खास डाय, गॅडोक्सेटेट, बाजारातलं नाव प्रिमोव्हिस्ट, हा एमआरआयच्या नेहमीच्या डायपेक्षा, साध्या गॅडोलिनियमपेक्षा, बराच महाग. पैसे वसूल होतात का? शस्त्रक्रियेआधीच्या स्कॅनला होतात, असं आमचं मत. हा डाय लिव्हरच्या निरोगी पेशी स्वतः ओढून घेतात. २० मिनिटांनी सगळं लिव्हर उजळतं आणि बारीक गाठी काळ्या ठिपक्यांसारख्या उठून दिसतात. शिवाय त्याच फेरीत गाठीभोवती धूसर काळसर वलय दिसलं, तर बारीक शिरांमध्ये पेशी शिरल्याचा संशय वाढतो. गाठीची कड खडबडीत असणं, धमनीच्या फेरीत गाठीबाहेरही उजळ डाग असणं, उजळपणा मध्यात नसून फक्त कडेच्या कड्यात असणं, बाजूला पिल्लं असणं: लवकर परतण्याच्या या खुणा रेडिओलॉजिस्ट उघड्या डोळ्यांनी वाचतात, त्याला कुठलंही एआय लागत नाही.

या डायच्या खोडीही आहेत. मात्रा किलोमागे फक्त ०.१ मिली, म्हणजे ६० किलोला ६ मिली. इतका छोटा घोट धमनीतून चटकन निघून जातो, म्हणून सेकंदाला १ मिलीच्या आसपास सावकाश द्यावा लागतो. काही रुग्णांचा श्वास नेमका धमनीच्या फेरीत काही सेकंद अडखळतो आणि ते चित्र हलतं. वॉशआउट फक्त पोर्टल फेरीतच मोजायचा. नंतर निरोगी लिव्हर डाय ओढत असल्याने सगळंच काळं वाटतं. बिलिरुबिन ३ च्या वर असेल तर लिव्हर डाय नीट ओढत नाही आणि २० मिनिटं थांबून पैसे पाण्यात. कावीळ असताना या डायचा आग्रह धरणाऱ्याला बिलिरुबिनचा कागद दाखवावा.

श्वासाचं थोडं जास्त सांगायला हवं, कारण स्कॅन सर्वात जास्त तिथेच बिघडतो. एमआरआयची एक फेरी १५ ते २० सेकंदांची. मशीनमधून सूचना येते ती बहुधा हिंदीत किंवा इंग्रजीत, कानात हेडफोन आणि वर ठकठक. सातारा-रत्नागिरीकडून आलेल्या आजींना ‘सांस छोड़िए, रोकिए’ कळेपर्यंत फेरी अर्धी झालेली असते. जे केंद्र आत नेण्याआधी मराठीत दोनदा सराव करून घेतं (‘श्वास सोडा, आता थांबा’), त्याला आमच्याकडून पूर्ण गुण. श्वास सोडून थांबवणं जास्त बरं, कारण सोडलेल्या श्वासाला लिव्हर दर वेळी जवळपास एकाच जागी येतं. पोटात पाणी भरलेल्या रुग्णाला हे जमत नाही. तिथे एमआरआयचा हट्ट सोडून सीटी काढावा.

एचसीसीसाठी पेट स्कॅन करून घ्यायची घाई नको. बऱ्याच एचसीसी गाठी साखरेचा ट्रेसर धरून ठेवत नाहीत आणि स्कॅन खोटाच स्वच्छ येतो. आतड्याच्या कर्करोगाच्या लिव्हरमधल्या गाठींची गोष्ट वेगळी: तिथे पेटचा उपयोग आहे आणि सीटीत पोर्टल फेरीलाच जास्त महत्त्व आहे.

कडेची पट्टी

गाठ सुईने जाळली असेल तर परत येण्याचा सर्वात भरवशाचा अंदाज एका मापातून येतो: गाठीच्या सगळ्या बाजूंनी निरोगी लिव्हरची किती जाड पट्टी जळली? किमान ५ मिमी, जमल्यास १० मिमी. हिशेब सोपा. २ सेंमीच्या गाठीला ५ मिमी पट्टी हवी तर जळलेला भाग ३ सेंमीचा, १० मिमी हवी तर ४ सेंमीचा. पण सरासरी कामाची नाही. तीन बाजूंना १२ मिमी आणि एका बाजूला २ मिमी असेल, तर गाठ त्या २ मिमीच्याच बाजूने येते. ही बाजू बहुतेकदा ३ मिमीहून जाड शिरेला लागून असते, कारण वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं. जाळायच्या दोन पद्धतींपैकी रेडिओफ्रीक्वेन्सीत (आरएफए) हे जास्त होतं, मायक्रोवेव्हमध्ये कमी. गाठ ३ सेंमीहून मोठी असेल तरी धोका चढतो.

हे माप काढायला आधीचा आणि नंतरचा स्कॅन एकावर एक बसवावे लागतात. यासाठी मिळणारी सॉफ्टवेअरं आमच्या मते या सगळ्या सेवेतला खरा कामाचा भाग आहेत. तरी डोळे मिटून विश्वास ठेवू नये. मायक्रोवेव्हने ऊती आकसते, त्यामुळे पट्टी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते. रुग्णाने दोन स्कॅनमध्ये वेगवेगळा श्वास घेतला असेल तर लिव्हर वाकतं. जसंच्या तसं सरकवून बसवलं तर चूक काही मिलीमीटरची होते, आणि इथे तर सगळा खेळच ५ मिमीचा आहे. म्हणून बसवल्यावर पोर्टल व्हेनचे फाटे एकमेकांवर तंतोतंत येतात का, हे जळलेल्या जागेजवळ तपासायचं. दूरच्या टोकाला जुळून उपयोग नाही.

यासाठी ५ मिमीच्या जाड कापांवर काम होत नाही. १ ते १.२५ मिमीचे काप लागतात. मशीन ते काढतंच, पण सीडीवर बऱ्याचदा फक्त जाड काप, किंवा त्याहून वाईट म्हणजे निवडक चित्रांच्या साध्या फोटो-फाईल्स देतात. काउंटरवर मागायचं ते हे: ‘सगळ्या फेज, पातळ काप, डायकॉममध्ये.’ फेज म्हणजे फेऱ्या, डायकॉम म्हणजे स्कॅनच्या मूळ स्वरूपातल्या फाईल्स. काही केंद्रं थोडे दिवसच कच्चा डेटा ठेवतात, म्हणून हे त्याच दिवशी मागावं.

रिपोर्ट

निरुपयोगी रिपोर्ट असा असतो: ‘पोस्ट आरएफए चेंजेस सीन इन सेगमेंट सेव्हन. नो ऑब्व्हियस रेसिड्युअल लीजन.’ म्हणजे, जाळल्याच्या खुणा दिसतात, गाठ उरलेली उघड दिसत नाही. दोन ओळी, कुठल्या तारखेच्या स्कॅनशी तुलना केली त्याचा पत्ता नाही.

कामाच्या रिपोर्टमध्ये उपचाराची तारीख आणि प्रकार असतो, तुलनेच्या स्कॅनची तारीख असते, जळलेल्या भागाचं माप असतं, कडेला गाठीसारखा उजळ भाग आहे की नाही आणि असला तर किती मिमीचा व कुठल्या बाजूला, हे असतं. शेवटी लाय-रॅड्सचा (लिव्हरचे स्कॅन एकाच पद्धतीने वाचायच्या नियमावलीचा) उपचारानंतरचा शेरा: व्हायेबल (गाठ जिवंत), नॉनव्हायेबल (मेलेली), इक्विव्होकल (नक्की सांगता येत नाही) किंवा चित्रच नीट नाही. सगळीकडे पातळ, एकसारखं उजळ कडं पहिल्या महिन्यात दिसलं तर ती बहुधा जखमेभोवतीची लाली असते, हळूहळू जाते. एकाच बाजूला जाडसर, गाठाळ आणि पुढच्या स्कॅनला वाढलेलं असेल, ते काळजीचं.

रेडिएशननंतर, मग ते बाहेरून दिलेलं असो की यिट्रियमचे किरणोत्सर्गी कण धमनीतून सोडलेले, हा नियम उलटा फिरतो. तिथे गाठ महिनोन्महिने उजळ राहू शकते आणि तरीही मरत असते. ऍब्लेशनचे निकष लावून तिला ‘व्हायेबल’ म्हटलं की रुग्णाला नको तो उपचार सुरू होतो. लाय-रॅड्सने २०२४ मध्ये रेडिएशनसाठी वेगळे निकष काढले ते म्हणूनच. रिपोर्ट लिहिणाऱ्याला उपचार कोणता झाला हे माहीत नसेल, तर चूक त्याची कमी आणि डिस्चार्ज कार्ड घरी विसरणाऱ्याची जास्त.

आणि एआय

रेडिओमिक्स म्हणजे काय, तर गाठीची कड आखायची, आतल्या करड्या छटांचे, पोताचे, आकाराचे शेकडो आकडे काढायचे आणि कुठल्या आकड्यांच्या रुग्णांमध्ये गाठ परतली हे संगणकाला शिकवायचं. विचार चांगला आहे. अडचण अशी, की हे आकडे गाठीबरोबर मशीनचेही असतात. कापाची जाडी, चित्र घडवायचा फिल्टर, डायची वेळ बदलली की तीच गाठ वेगळे आकडे देते. कल्याणला काढलेला सीटी आणि परळला काढलेला सीटी यांच्यात संगणकाला दिसणारा फरक कधीकधी दोन रुग्णांमधल्या फरकाएवढा असतो. शिवाय यातला बराच अभ्यास पूर्व आशियात, जुन्या नोंदींवर, एकेका रुग्णालयात झालाय. तिथे हिपॅटायटिस बी प्रमुख. आपल्याकडे त्याच्या जोडीला दारू आणि फॅटी लिव्हर-मधुमेह.

कोणी स्कोअर देऊ केला तर विचारा: हा स्कोअर दुसऱ्या रुग्णालयाच्या रुग्णांवर तपासलाय का? किती महिन्यांच्या आतलं भाकीत आहे? सी-इंडेक्स, म्हणजे भाकिताच्या अचूकतेचा आकडा, किती? ०.५ म्हणजे नाणेफेक, १ म्हणजे अचूक. पण चांगला सी-इंडेक्सही दोन रुग्णांत कोणाला आधी धोका, एवढंच सांगतो. ‘तुम्हाला ४० टक्के’ हा आकडा खरा धरायचा तर असे १०० रुग्ण घेऊन त्यांतल्या सुमारे ४० जणांत गाठ खरंच परतली का, ही वेगळी तपासणी लागते.

त्याहून मोठा प्रश्न, आकडा कळून करायचं काय? जास्त धोक्याच्या रुग्णांना शस्त्रक्रिया किंवा ऍब्लेशननंतर ऍटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब ही कर्करोगावरची दोन औषधं देऊन बघितलं होतं. २०२३ च्या निकालात फायदा दिसला, पण पुढे २०२४ मध्ये जास्त काळाच्या पाठपुराव्यात तो टिकला नाही. म्हणजे स्कोअर वाईट आला म्हणून सरसकट सुरू करावं असं औषध आज हातात नाही. उरतं ते स्कॅन जवळजवळ काढणं: महिन्याने पहिला, मग २ वर्षं दर ३ महिन्यांनी, पुढे ६ महिन्यांनी. सोबत एएफपी आणि पिव्हका या रक्ताच्या तपासण्या. हे वेळापत्रक स्कोअरशिवायही पाळायचंच असतं. त्यामुळे आज स्कोअरसाठी वेगळे पैसे मोजू नयेत. संशोधनाचा भाग म्हणून फुकट आणि संमती घेऊन होत असेल तर हरकत नाही.

मुंबईत कुठे

ज्या रुग्णालयात उपचार झाला तिथल्याच विभागात स्कॅन काढणं सर्वात चांगलं. जुनी चित्रं त्यांच्या संगणकात असतात, सुई घालणारा डॉक्टर खालच्या मजल्यावर असतो, शंका आली तर फोनवर निस्तरते. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आणि केईएम १९२६ पासून परळमध्ये आहेत, त्यामुळे राज्यभरची गर्दी तिथेच येते आणि मोठ्या रुग्णालयांत तारखेला थांबावं लागतं. उपाय एकच: डिस्चार्जच्या दिवशीच पुढची तारीख घेऊन ठेवायची.

बाहेरच्या केंद्रात उद्याचीच, अगदी रात्री ९ चीही वेळ मिळते. मशीन किती जुनं यापेक्षा लिव्हर वाचणारा रेडिओलॉजिस्ट कोण आणि तो त्या दिवशी आहे का, हे विचारावं. रात्रीचे स्कॅन बऱ्याचदा दुसरीकडून कोणी वाचतं, आणि त्याच्यापर्यंत तुमची जुनी सीडी पोहोचतेच असं नाही. ती काउंटरवर नुसती दाखवू नका. त्यांच्या संगणकात चढवून घ्या आणि चढली का ते विचारा. एकदा केंद्र निवडलं की तेच ठेवा: तेच मशीन, तोच डाय, सीटी तर सीटीच. दर वेळी स्वस्त पॅकेज शोधत केंद्र बदललं तर ३ मिमीची वाढ खरी की मशीनची, हे कोणालाच ठरवता येणार नाही.

जाताना फाईलमध्ये ठेवायचं ते: क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि बिलिरुबिन (काविळीसाठी) यांचे ताजे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, उपचाराआधीची सीडी. हो, आधीची. नंतरच्या चार सीडी सगळ्यांकडे असतात. नेमकी गाठ जिवंत असतानाची, जिच्यावरून पट्टी मोजायची, ती गावाकडच्या कपाटात राहिलेली असते. प्लास्टिकवर ओरखडे पडायच्या आत तिची नक्कल पेनड्राइव्हवर करून घ्या.